ऑक्टेव्हियस पिम आणि बिघडलेलं चित्र

ऑक्टेव्हियस पिम पंधरा दिवसांसाठी आमच्या खानावळीत उतरला आणि एकतीस वर्षं राहिला. मेलाही इथेच. लंडनहून आला तेव्हा त्याच्याजवळ एक छत्री होती, रंगांची एक पेटी होती आणि स्वतःविषयी फार चांगलं मत होतं. छत्री पहिल्याच वाऱ्याने नेली. मत शेवटपर्यंत टिकलं.

आमचं स्केलबेक म्हणजे एक ओढा, चाळीस घरं आणि मागे ग्रेफेलचा डोंगर. पिमने तो डोंगर जलरंगांत शेकडो वेळा काढला आणि दर वेळी आणखी थोडा उंच केला. माझा नवरा जॉस म्हणायचा, ह्याच्या हिशेबाने वर बाराही महिने बर्फ पाहिजे. डोंगराखाली तीन गाई आणि लाल शाल पांघरलेली एक म्हातारी. ही म्हातारी गावात कुणी कधी पाहिली नाही, पण लंडनच्या दिवाणखान्यांना ती हवीच असे. थंडीत रंगाचं पाणी गोठू नये म्हणून तो त्यात जिन घालायचा. चार थेंब वाटीत, उरलेली बाटली घशात. चित्र बिघडलं की दोष हवेचा, कागदाचा, नाहीतर माझ्या रस्स्याचा. नाचता येईना अंगण वाकडं. आपलं चित्र वाईट झालं असं त्या माणसाच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि मी ऐकायला टपून बसले होते.

१८७६ साली खालचं कुरण क्रॉसहम नावाच्या गिरणीवाल्याने विकत घेतलं आणि आल्या आल्या भिंत घातली. भिंत नेमकी चर्चच्या वाटेवर. ही वाट आमच्या मागच्या दारापासून निघते, दहा मिनिटांत चर्च. रस्त्याने जायचं तर तीन मैलांचा वळसा. तरण्याताठ्यांनी तो घातला असता, माझे गुडघे तेव्हाच कामातून गेले होते. आणि चर्चच्या आवारात माझी मेरी आहे. १८५१ मध्ये घटसर्पाने गेली, सहा वर्षांची होती. दर रविवारी मी तिच्यापाशी जाऊन बसायची. ते एका परक्या माणसाने बंद केलं. त्याचा गळा धरावासा वाटला मला, खोटं कशाला सांगू.

आमच्याकडे जुनी माणसं मानतात की ज्या वाटेने एकदा शव गेलं, ती वाट कायमची गावाची. मेरीला त्याच वाटेने नेलं होतं, मी बरोबर चालत गेले होते. न्यायालयात मी तसं सांगितलं. क्रॉसहमचा वकील म्हणाला की आई काय, वाटेल ते सांगेल, वाट तर पाच-सात वर्षांची, मेंढ्यांनी पाडलेली. जॉस धरून चारही खांदेकरी तोवर मेरीच्या शेजारी जाऊन निजले होते. उरलेल्या म्हाताऱ्यांच्या घरचं कुणी ना कुणी क्रॉसहमच्या चाकरीत होतं, त्यामुळे त्यांची स्मरणशक्ती एकाएकी गेली. न्यायाधीशांना हवा होता पुरावा, पंचवीस वर्षांपूर्वी वाट होती याचा.

पुरावा म्हणून माझ्याकडे एक चित्र होतं. पिमने १८५१ सालीच काढलेलं, आमच्या दारापासून निघणारी ती वाट त्यात होती, कोपऱ्यात सही आणि साल घातलेलं. लंडनच्या प्रदर्शनाने परत पाठवल्यापासून ते माझ्या बिअरच्या पिंपांवर लटकत होतं. मी ते चादरीत गुंडाळून नेलं आणि पिमला साक्षीला उभं केलं.

वकील तयारीत होता. त्याने पिमची आणखी तीन चित्रं कुठून कुठून मिळवून टेबलावर मांडली. तिन्हींत गाई, म्हातारी आणि मधोमध एक नागमोडी वाट. ह्या ठिकाणी खरोखर वाटा आहेत का, त्याने विचारलं. पिम म्हणाला, नाहीत, मी घातल्या. गाई? त्याही.

"आणि ही बाई?"

"ती माझ्याकडे सदतीस सालापासून आहे," पिम म्हणाला.

सगळं न्यायालय हसलं. वकील समाधानाने बसला. माझा रस्सा खाऊन माझंच वाटोळं केलंस, असं मी मनात म्हणाले. मनात म्हणाले तेवढंच सभ्य होतं. तेव्हा पिमने बोलायची परवानगी मागितली.

"साहेब, घातलेली वाट अशी नसते. ती खालून निघते, वळण घेते आणि बघणाऱ्याची नजर डोंगरापर्यंत नेते. तेवढ्यासाठीच ती घालायची. ही बघा. आडवी जाते आणि डाव्या कोपऱ्यातून निघून जाते, नजरही घेऊन जाते. शिकाऊ पोरसुद्धा असं करणार नाही. हे चित्र वाईट आहे. ह्या वाटेमुळेच वाईट आहे. मी ती स्पंजने पुसायला घेतली होती, इथे कागद खरवडलेला दिसेल."

"मग पुसली का नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

पिमने माझ्याकडे पाहिलं नाही. "वाटेवर माणसं होती. मी वर उतारावर चित्र काढत बसलो होतो आणि खालून ते मुलीला घेऊन चालले होते. पुढे मला पुसवेना."

न्यायाधीशांनी भिंग मागवलं. वाटेवर राईएवढे काळे ठिपके होते. मी पंचवीस वर्षं त्यांना माशीची घाण समजून काच घासत आले होते. चार ठिपके, आणि त्यांच्या मधे तेवढाच कोरा सोडलेला कागद. लहान मुलांची शवपेटी आमच्याकडे पांढरी असते. न्यायाधीशांनी बराच वेळ पाहिलं, मग भिंग वकिलाकडे दिलं. आठ दिवसांत भिंत पाडायचा हुकूम झाला.

परत येताना गाडीत चित्र माझ्या मांडीवर होतं. आभार मानायचे सोडून मी म्हणाले, चित्र वाईट आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं होतंत, पिम म्हणाला. मग थोड्या वेळाने मी विचारलं, "ह्यात मी कुठली?"

त्याने बोट ठेवलं. त्या घोळक्यात नाही. पार मागे, आमच्या दाराशी एकटाच एक ठिपका होता.

"ही. तुम्ही दारातून पुढे आलाच नाहीत."

मी तिच्याबरोबर चालत गेले होते, असंच मला इतकी वर्षं वाटत होतं.