चादरीखालचा टीव्ही

कॅम्प चार या वस्तीत आमच्या शेजारी टीव्ही दुरुस्त करणारा एक बेने इस्रायली, म्हणजे इथलाच ज्यू, राहायचा, आमच्यासारखाच मराठी बोलणारा. शुक्रवारी दिवे लागले की तो स्वतःच्या टीव्हीवर चादर टाकायचा आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावरच काढायचा.

एकदा शनिवारी ऐन मॅचमध्ये आमचा टीव्ही बंद पडला. मी धावत गेलो.

"आज आमचा विसाव्याचा दिवस, हात लावणार नाही, भाऊ. आजोबा शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, मी हा डबा ठेवतो. बसा ना."

त्याची पोरं त्याला चिकटून गोष्ट ऐकत होती. खरं सांगतो, मी जळलो.

रविवारी त्याने टीव्ही दुरुस्त केला. पुढच्या शनिवारी मीही आमच्या टीव्हीवर चादर टाकली.

"बाबा, परत बिघडला?" म्हणत माझी पोरं त्यालाच बोलवायला पळाली.