मधे रिकामं राहिलेलं हृदय

प्रयोगशाळेत तिला सगळे माळीणबाई म्हणत. काम पेरणीचंच होतं. डुकराचं हृदय धुऊन धुऊन त्यातल्या साऱ्या पेशी काढून टाकायच्या. मागे उरायचा भिजवलेल्या मलमलीसारखा पांढरा सांगाडा. त्यात माणसाच्या पेशी सोडायच्या आणि त्या धरतील म्हणून वाट पाहायची. कडेला धरायच्या, आत पोचायच्याच नाहीत.

एकदा एका तुकड्याची धडधड तिने मोबाइलवर टिपली आणि घरी धाकट्या भावाला दाखवली. चूक तिथे झाली. त्याचं स्वतःचं हृदय पार थकलं होतं. छातीत हृदयाला हातभार लावणारा पंप बसवून घ्या म्हणून डॉक्टर मागे लागले होते. तो मात्र ज्याला त्याला सांगू लागला, "यंत्र कशाला? ताई घरचं बनवतेय."

या खेपेला तिने पेशी एकदम न ओतता थोड्या थोड्या सोडल्या, मधे मधे सांगाडा या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहिली. आज तो कापून पाहिला. कड दाट भरलेली. मधे मेलेल्या पेशींचा चिखल.

"कड झकास आलीय हं," सर खूश होऊन म्हणाले. "दहा वर्षांत जमेल बघा."

ती हात धुवायला गेली आणि नळ बंद करायचं विसरून तशीच उभी राहिली.

घरी भाऊ उशांना टेकून बसला होता. आडवं पडलं की त्याचा दम कोंडायचा.

"काय माळीणबाई, उगवलं का?"

"कडेला उगवलं. मधे नाही."

"मग कडेकडेनं जगतो की."

"वेड्या, ऐक. ते हृदय तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. मी उगाच दाखवलं तुला. पंप बसवून घे."

त्याचं हसू गेलं. पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "आधी बोलायचंस ना," एवढंच म्हणाला. मग, "लाव फोन."

ती गॅलरीत गेली. डॉक्टरांनी तिला पूर्ण बोलू दिलं.

"सकाळचा रिपोर्ट आत्ताच पाहिला," ते म्हणाले. "किडन्या निकामी झाल्यात. आता ऑपरेशन झेपायचं नाही तुमच्या भावाला. मागेच आला असतात तर..."

ती आत आली तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसून, आरसा मांडीवर घेऊन दाढी करत होता. दोनदा रेझर फिरवला की थांबून श्वास घेत.

"दवाखान्यात हा अवतार नको," तो म्हणाला. "कधी बोलावलंय?"

अर्ध्या गालावर साबण तसाच होता. तिने त्याच्या हातातून रेझर घेतला, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं.

"हलू नकोस," ती म्हणाली, "कापेल."