अल्सेशियन देणारा माणूस

ही चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट. अस्सल अल्सेशियन कुत्र्याचं पिल्लू हवं असेल, तर कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकचं वजन करणाऱ्या एका सातारकराला गाठ, असं सगळे सांगत. मी गेलो आणि पिल्लाच्या वंशावळीचे कागद मागितले. तो म्हणाला, "कागद दावतो. पन आदी तुमचं घर दावा."

रविवारी तो नेरुळला आमच्याकडे आला. खुर्ची सोडून खालीच बसला. फरशी किती निसरडी आहे, ते तळवा घासून पाहिलं. बाल्कनीच्या गजांतून मूठ आरपार घातली. "पिल्लाचं डोकं एवढंच असतंय. जाळी लावून घ्या." मला रागच आला. गिऱ्हाईक मी, आणि परीक्षाही माझीच!

दिवसभर घरी कोण असतं, जेवू कोण घालणार, असं विचारता विचारता त्यानं मध्येच विचारलं, "राग आला की या घरात हात कोन उचलतं?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून माझी धाकटी बहीण म्हणाली, "या घरात कुणी नाही."

सासर सोडून येऊन तिला चार महिने झाले होते. परक्या माणसासमोर ती पहिल्यांदाच बोलली. पिल्लू तिच्यासाठीच हवं होतं.

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "ताईंच्याच हातात देनार," एवढंच म्हणाला आणि उठला.

तिच्या लग्नाआधी कागद आम्हीही पाहिले होते. पत्रिका पाहिली, पगाराची स्लिप पाहिली. हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता.