बारामती ते लातूर, अवघा पाऊण तास

भाचीच्या लग्नाला मी बारामतीहून लातूरला विमानाने गेलो नाही, याचं एकमेव कारण म्हणजे तसं विमानच नाही.

लग्न लातूरला, गोरज मुहूर्तावर. ताईने आम्हा सगळ्यांसाठी पुण्यात कर्वेनगरहून मिनीबस ठरवली होती. पण मुलीला मांडवात आणायचं ते मामाने, आणि एकुलता एक मामा मी! त्याने काय फराळाचे डबे मांडीवर घेऊन जायचं? (मानपान हा प्रकार मला तत्त्वतः अमान्य आहे. आपल्या वाट्याला आला की मात्र थोडा समजून घ्यावा लागतो.)

पुण्याहून लातूरचं विमान काही सापडेना. मग दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर मी त्या बाजूचं बारामती घालून पाहिलं. उत्तर हजर! किलोमीटर, मैल, दिशा आणि उड्डाणाचा वेळ, पाऊण तास.

"आणि तिकीट?" सुलभाने, म्हणजे बायकोने, विचारलं.

"तिथेच खिडकीवर काढू. ऑनलाइनवाले उगाच वरचे पैसे लावतात."

ताईला म्हटलं, "तुम्ही या सावकाश, धक्के खात. मी मांडवात तुमच्या स्वागताला उभा राहतो."

ताई नुसतं "बरं" म्हणाली. तिथेच मला शंका यायला हवी होती!

लग्नाच्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही बारामती गाठली. मी कोट घातला होता, सुलभा पैठणीत. रिक्षा विमानतळाच्या फाटकाशी थांबली. फाटकाला साखळी होती.

"काय काम हाय?" सुरक्षारक्षकाने विचारलं.

"लातूरला जायचंय."

"मग स्टँडवर जावा की! हितं कशाला?"

"विमानाने जायचंय," मी आवाज जरा चढवून म्हणालो.

त्याने माझ्या कोटाकडे आदराने पाहिलं. "सायेब, तुमचं इमान हाय व्हय?"

"माझं कुठून असणार?"

"मग कसं जमायचं? हितं पोरं इमान चालवायला शिकत्यात. पाशिंजर घेत न्हाईत."

तेवढ्यात एक छोटं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. सुलभा शांतपणे म्हणाली, "विचारा त्या पोराला. शिकता शिकता सोडेल लातूरला."

संध्याकाळी गुरुजी मामाला हाक मारणार आणि मामा बारामतीत, फाटकाबाहेर! एसटी कधी मिळणार, बदलायची कुठे, काही सुचेना. तेवढ्यात मागे हॉर्न वाजला. मिनीबस! दारात ताई उभी.

"ये, बस. तुझ्यासाठी बारामतीवरून वळवून आणली गाडी."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आठवडाभर."

"मग सांगायचं नाही?"

"मुलीच्या मामाला सांगणार कोण, बाबा?"

इतकं गोड अपमानास्पद वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. जागा उरली होती ती शेवटच्या बाकावर, फराळाच्या डब्यांशेजारी. खड्डा आला की दोन डबे माझ्या मांडीवर यायचे. मी त्यांना मायेने धरून बसलो. लातूर वेळेत आलं.

संध्याकाळी गुरुजींनी पुकारलं, "मामा, मुलीला घेऊन या!" मी भाचीचा हात धरला. खोलीपासून मांडव अगदी समोर.

ती कुजबुजली, "मामा, इथून मांडवापर्यंत वाट आहे ना? आधी बघून घ्या."

मी खरंच वाकून बघितलं.