फर्माईश : एक प्रेक्षक, वडवणी

सलीमचाचा गेले, आणि आज मी शाळेच्या ग्राउंडवर पोरींसमोर हमसून हमसून रडले.

पोरी घाबरल्या. "मॅडम, कोण होते तुमचे?"

काय सांगू? केबलवाले होते.

आजच्या मोबाईलवाल्यांना पटायचं नाही, पण आमच्या वडवणीला स्वतःचं स्पोर्ट्स चॅनल होतं. 'आखाडा'. वर्गणी भरली की घरात दिसायचं.
जत्रेतल्या कुस्त्या, टेनिस बॉलच्या मॅचेस, कबड्डी... चाचा खांद्यावर कॅमेरा घेऊन स्वतः शूट करायचे.

रविवारी दुपारी फर्माईश. फोन करून सांगायचं, अमुक मॅच परत लावा. स्क्रीनखाली तुमचं नाव सरकत जायचं. नाव बघायलाच अर्धं गाव टीव्हीपुढं!

दहावीत आमची कबड्डीची तालुक्याची फायनल चाचांनी शूट केली. मी हातापाया पडले. "चाचा, नका दाखवू. आण्णा पाय तोडतील माझे."

आण्णा म्हणजे माझे वडील. पोरीनं हाफ पँट घालून चार लोकांत खेळायचं, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं.

चाचा म्हणाले, "पोरांचं दाखवतो, मग तुमचं कावून न्हाई?"

आणि दाखवलंच.

मी पहिल्या चढाईला निघाले, तसे आण्णा उठले. चप्पल घातली, निघून गेले.
मला वाटलं, झालं, आता शाळाच बंद आपली.

पुढच्या रविवारी परत तीच मॅच. खाली पट्टी : फर्माईश, एक प्रेक्षक, वडवणी.

त्याच्या पुढच्या रविवारीही.

मैत्रिणींना ऊत आला. "कोण गं हा तुझा प्रेक्षक?"
मी मात्र त्या मेल्याला शिव्या घालायची. कारण मॅच लागली की आण्णा चप्पल घालून बाहेर. दर वेळी.

मग सेट टॉप बॉक्स आले, 'आखाडा' बंद पडलं. मी खेळत राहिले, पीटी टीचर झाले. आण्णा खेळाबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. तसेच गेले.

ते गेल्यावर चाचा भेटायला आले. चहा बशीत तसाच ठेवून म्हणाले,
"बेटा, तुझा बाप लई हट्टी मानूस. घरात बघायची लाज, म्हनून माझ्या दुकानात यायचा. 'मॅच लाव, पन नाव टाकू नको' म्हनायचा. तू चढाईला गेली की हा बी दम धरायचा. तू परत आली की सोडायचा."

अरे देवा. इतकी वर्षं मी शिव्या कुणाला घालत होते!

मग मी चाचांच्या मागे लागले, ती कॅसेट द्या. त्यांनी सगळं दुकान उचकलं. सापडली, पण बुरशी लागलेली.
"माफ कर बेटा."

माफ काय करायचं चाचा? आण्णा कसे बसायचे, कसा दम धरायचे, हे सांगायला तुम्ही होतात. मी दर सुट्टीत यायची आणि तेच तेच विचारायची. तुम्ही दर वेळी पहिल्यापासून सांगायचात.

आता कुणाला विचारू?

आण्णा तिकडं भेटतील. ती मॅच लावा.

आणि या वेळी त्यांचं ऐकू नका. खाली नाव टाका, चांगलं मोठ्या अक्षरात.

खुदा हाफिज, चाचा.

तुमच्या प्रेक्षकाची पोरगी