दुसरा स्टेंट

हे लिहिताना हात जड होतो, कारण यात मी कुठंच चांगला दिसत नाही. कलबुर्गीच्या एका दवाखान्यात मी हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडण्याचं काम करतो. आमच्या घरी दत्ताची उपासना. वडील होते तोवर प्रत्येक केसआधी मीही डोळे मिटून नाव घ्यायचो. पुढं माझंच नाव झालं आणि दत्ताचं नाव घेणं सुटलं. कधी सुटलं, हेही आठवत नाही.

त्या दिवशी कमलनगरकडचे एक साठीचे शेतकरी आले होते. मुख्य रक्तवाहिनीला जिथं फांदी फुटते, नेमका तिथंच अडथळा. अशा जागी दोन रस्ते असतात. मुख्य वाहिनीत एकच स्टेंट बसवायचा, थांबून पाहायचं, आणि फांदीला खरंच गरज असेल तरच पुढं जायचं. नाहीतर सुरुवातीलाच दोन्हीकडं स्टेंट बसवायचे. काही रुग्णांना दुसरा रस्ताच लागतो. यांची फांदी मात्र बारीक, तिच्या तोंडाशी अडथळा थोडासाच. पहिला रस्ता पुरेसा होता आणि मला ते ठाऊक होतं. पण माझं दोन स्टेंटचं कसब पाहायला बाहेरगावचे तीन डॉक्टर आले होते.

त्यांच्यासमोरच मी रुग्णाच्या बायकोला सांगितलं, दोन स्टेंट बसवावे लागतील. ती भीत भीत म्हणाली, "डाक्टरसाब, एकानंच भागलं तर?"

"डॉक्टर तुम्ही आहात की मी?" मी कडाडलो. पाहुणे हसले. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती भिंतीकडं सरकली.

पहिला स्टेंट व्यवस्थित बसला. फांदीचं तोंड जरा चिमटल्यासारखं दिसलं, आणि मला हवं ते निमित्त मिळालं. मी सिस्टरना दुसरा स्टेंट आणायला सांगितलं. त्या कपाटाकडं वळल्या, तेवढ्यात टेबलावर जागेच असलेले, पण इतका वेळ अवाक्षर न काढलेले ते शेतकरी शांतपणे म्हणाले, "साहेब, छाती मोकळी झाली बघा. आता आणिक काय करायलात?"

माझा हात तिथंच थांबला. असं रुग्ण बोलतात, मी शेकडो वेळा ऐकलंय. पण त्या क्षणी तो प्रश्न त्यांचा वाटला नाही. मला कुणीतरी नावानिशी ओळखून विचारत होतं. मी पुन्हा पडद्याकडं पाहिलं. फांदीतून रक्त भरभरून वाहत होतं, ईसीजी स्थिर होता. बारीक तार घालून आतला दाब मोजला. तोही पुरेसा निघाला. दुसऱ्या स्टेंटची गरज नव्हती. "झालं," मी म्हणालो. पाहुणे एकमेकांकडं बघत राहिले.

बाहेर ती बाई माझ्या पाया पडली. खरं न सांगता तिचा नमस्कार घेतला, याची लाज मला पाहुण्यांसमोर मिरवल्याच्या लाजेहून जास्त वाटते.

महिन्यानं दोघं तपासणीला आले. नवरा ईसीजीला गेला तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं माझ्याकडं रोखून पाहत विचारलं,

"मग थांबलात कामून?"

"खरंच ठाऊक नाही, अक्का."

"ज्यानं थांबवलं त्याचे पाय धरा. माज्यापुढं कशाला वाकायलात?" मग म्हणाली, "पर त्या दिवशी चार लोकांत मला बोललात, ते लई लागलं."

मी हात जोडले. ती "असू द्या" म्हणाली नाही, आणि तेच बरं झालं. एरवी मी लगेच सगळं विसरलो असतो.

शरण जाणं म्हणजे हातातलं काम टाकून देणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, गरजेपुरतं काम झालं की हात मागं घेता येणं, हीसुद्धा शरणागतीच असावी. त्या दिवशी ते मला जमलं नाही, माझ्याकडून करवून घेतलं गेलं. एका माणसाला माझ्यापासून वाचवलंस, दत्तात्रेया, आणि त्यासाठी हात मात्र माझाच वापरलास.