गव्हर्नरचा दुखवटा

आता काय सांगू तुम्हाला, कुवेतमध्ये बसून मी ब्राझीलचा एक गव्हर्नर मारला! हसू नका. बायकोच्या व्हिसापायी झालं सगळं.

साल एक्क्याण्णव. युद्ध संपलेलं, जळक्या तेलविहिरींचा धूर अजून नाकात. मी कामावर परतलो होतो, पण बायको आणि पोरगी नाशकातच. त्यांना आणायचं तर साहेबाची शिफारस हवी. साहेब म्हणजे कार्लोस, ब्राझीलचा इंजिनिअर. "करतो, करतो" म्हणायचा आणि लगेच भावाच्या गोष्टीवर घसरायचा.

भाऊ म्हणे तिकडे एका राज्याचा गव्हर्नर! त्यांच्याकडे गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, निवडून यावं लागतं. आधी शाळामास्तर, मग गावचा नगराध्यक्ष, मग एकदा सपाटून आपटला, मग पक्ष बदलला आणि थेट गव्हर्नर! रोज चहाबरोबर हेच पुराण.

मला पहिल्यापासून संशय. पक्ष बदलला म्हणाला तेव्हा तेवढा जरा विश्वास बसला. बाकी? अहो, नाशकात दर दुसऱ्या माणसाचा मामा मंत्र्याच्या खास बैठकीतला असतो!

कुवेतच्या फरवानिया भागातल्या खोलीत माझ्याबरोबर सावंत राहायचा. मालवणचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. माणसाच्या आतलं बघायची सवयच त्याला!

"फेकता तो!" सावंत म्हणाला. "भाव गव्हर्नर, मग ह्यो हय धूर खाऊक कित्याक इलो?"

झालं! भाऊ खोटा, म्हणजे शिफारसही खोटी. त्या रात्री मला झोप नाही.

पुढच्याच शुक्रवारी कार्लोसनं बनेद अल-गार भागातल्या त्याच्या घरी जेवायला बोलावलं. मी गेलो तो जेवायला नव्हे, तपासाला! सोफ्यावर बसलो आणि नजर फिरवू लागलो. कपाटावर कप-बशा. खिडकीत कुंडी. आणि समोरच्या भिंतीवर...

भलामोठा फोटो. नाक थेट कार्लोसचं, म्हणजे भाऊच! फोटोला हार. खाली मेणबत्ती तेवतेय!

फोटोला हार आणि पुढे दिवा, याचा अर्थ आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. भाऊ गेला होता बिचारा! आणि हा वेडा रोज तो जिवंत असल्यासारखं सांगत होता. मी मात्र संशय घेत बसलो! स्वतःची इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

कार्लोस आत स्वयंपाकघरात होता. त्याची बायको लुसिया सरबत घेऊन आली. मी उठून उभा राहिलो, फोटोला हात जोडले आणि जड आवाजात म्हणालो, "वहिनी, फार वाईट झालं. गव्हर्नरसाहेब गेले. कधी झालं हे?"

ट्रे खाली, सरबत माझ्या पँटवर, आणि लुसियाची किंकाळी!

कार्लोस धावत आला. "काय झालं?"

"तुझा भाऊ गेला!" लुसिया माझ्याकडे बोट दाखवत ओरडली. "या कुलकर्णीला बातमी कळली!"

तो पांढराफटक. फोनकडे झेपावला. लाइन लागेना. लुसिया फोटोपुढे गुडघे टेकून रडतेय. आणि मी? मी तिला धीर देतोय हो! "होणारं टळत नाही, वहिनी."

शेवटी फोन लागला. गव्हर्नरसाहेब भर बैठकीतून उठून आले. कार्लोस ऐकत राहिला, मग माझ्याकडे वळला. तसा चेहरा करून माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही.

"तो विचारतोय, हा माणूस कोणत्या पक्षाचा?"

"मी कुठल्याच पक्षाचा नाही, सर! तो हार... ती मेणबत्ती..."

"मेणबत्ती आमच्या संताची! भाऊ निवडून आला म्हणून नवस फेडतोय. आणि हार तुमच्याच पेपरात बघितला. तुमच्या पुढाऱ्यांच्या गळ्यात असतो ना? फोटोला गळा कुठला, म्हणून वरून घातला!"

मनात म्हटलं, गेली शिफारस, बसा आता जन्मभर सावंतच्या हातची आमटी खात. मी चपला शोधायला लागलो.

तेवढ्यात कार्लोसला हसू फुटलं. हसता हसता खुर्चीत कोसळला. "शिफारस उद्या करतो. पण एक अट. बायको आली की दोघं इथे जेवायला यायचं. बोलायचं ते ती बोलेल. तू तोंड फक्त जेवायला उघडायचं!"

मी आनंदानं नाशकाला फोन लावला. सगळी हकिगत सांगितली, अटसुद्धा.

मग बायको म्हणाली, "देव त्या माणसाचं भलं करो. इतकी वर्षं मी घसा फोडून सांगतेय, ते त्याला जेवणाआधीच कळलं!"